यंत्राची सोबत आणि शास्त्रांची सोयरीक

मुलानें इंजिनियर व्हावें कीं डॉक्टर, हा वाद आपल्याकडे घरोघरीं चालतो. परंतु कांहीं कामें अशीं असतात कीं, तीं कोणत्याहि एकट्या शास्त्राच्यानें होत नाहींत.

जपानी इंजिनियर ताकानोरी शिबाता यांनीं १९९३ मध्यें, माणसास सोबत करील असा यंत्रप्राणी घडविण्यास आरंभ केला. प्रथम कुत्रा व मांजर करून पाहिलें. पण लोक खऱ्या प्राण्यांशीं तुलना करून हिरमुसत. सील या समुद्रप्राण्याचें पिल्लूं मात्र कोणाच्याच घरीं नसतें. म्हणून तें मनास पटलें. ही युक्ति यंत्रशास्त्राची नव्हे, मानसशास्त्राची! या ‘पारो’च्या केसाळ अंगाखालीं स्पर्श ओळखणारी रचना बसविणें हें इंजिनियराचें काम, स्मृतिभ्रंशानें व्याकुळ झालेलीं वृद्ध माणसें त्यायोगें शांत होतात का, हें पाहणें डॉक्टरांचें व परिचारिकांचें. २००९ मध्यें अमेरिकन सरकारनें त्याची वैद्यकीय साधनांत गणना केली.

तरीहि एक प्रश्न उरलाच. ज्यास दुःख कळत नाहीं, त्याच्यापाशीं वृद्धांनीं मन मोकळें करावें, हें कितपत योग्य? अमेरिकेंतील विदुषी शेरी टर्कल यांनीं ही शंका आग्रहानें मांडली. अशा शंकेलाहि या संशोधनांत मानाचें स्थान आहे.

म्हणून, यंत्रें उघडून पाहणारा आणि माणसांचे स्वभावहि न्याहाळणारा मुलगा वा मुलगी घरांत असल्यास, ‘एक कांहीं तरी धर’ असें दटावूं नये. आजीजवळ दोन घटका बसणें, हाहि त्या अभ्यासाचाच पहिला धडा होय.