चालता चालता बंद पडणारा जुना ट्रक : पंप खोलायच्या आधी काय तपासायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा गॅरेजमध्ये उभं राहून पटकन काहीतरी शोधायचं आहे, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी गप्पा तशाच आहेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. त्याच्या वडिलांचा जुना डिझेल ट्रक आहे. माल भरलेला असला की चढावर हळूहळू दम टाकतो आणि बंद पडतो. वीस मिनिटं थांबलं की काहीच झालं नाही असा सुरू होतो. एक मिस्त्री म्हणतो पंप गेलाय, दुसरा म्हणतो नोझल गेलेत. दोन्ही कामं महाग, आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार ती वेगळीच. प्रश्न होता : "दादा, कोणाचं ऐकू?"

माझं उत्तर : अजून कोणाचंच ऐकू नका. आधी गाडी काय सांगते ते ऐकू.

आधी इंजिन ओळखा

इंजिनवरचं झाकण उघडा. पंपातून प्रत्येक नोझलकडे स्टीलचा स्वतंत्र पाइप जातोय आणि नोझलवर एकही वायर नाही, असं दिसलं तर ते जुन्या पद्धतीचं मेकॅनिकल डिझेल इंजिन. १९८६ साली आलेली टाटा ४०७ आठवा, तिच्या जुन्या गाड्यांत हीच रचना. मिस्त्री याला 'मायको पंप' म्हणतात. मायको म्हणजे बेंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे, पण गॅरेजमध्ये जुनंच नाव चालतं.

नोझलवर वायरी दिसल्या तर ती कॉमन रेल गाडी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या ट्रकमध्ये सेन्सर आणि ईसीयू असतात. तिथे स्कॅनर लावून कोड वाचायला लागतात. आजचा भाग त्यांच्यासाठी नाही.

जुन्या इंजिनाची गंमत ही, की एकदा सुरू झालं की बहुतेक गाड्यांत त्याला विजेची गरजच नसते. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. लागतात तीन गोष्टी : हवा, कॉम्प्रेशन आणि डिझेल. कॉम्प्रेशन वीस मिनिटांत जाऊन परत येत नाही. एअर फिल्टर तुंबला तर गाडी काळा धूर सोडेल, ओढणार नाही, पण सहसा बंद पडत नाही. उरलं डिझेल. म्हणजे खरा प्रश्न एवढाच : टाकीपासून नोझलपर्यंत डिझेल नेमकं कुठे अडतंय?

डिझेलचा रस्ता

टाकी, टाकीतली जाळी, तिथून फीड पंपापर्यंतचा पाइप, फीड पंप, डिझेल फिल्टर, मोठा पंप, नोझल. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत. एवढाच रस्ता.

या रस्त्याचे दोन भाग पडतात, आणि हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. फीड पंपाच्या आधीचा भाग ओढीचा आहे, म्हणजे पंप तिथून डिझेल खेचतो. फीड पंपाच्या पुढचा भाग दाबाचा आहे.

दाबाच्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं. ओलं दिसतं, वास येतो, कुणालाही सापडतं. ओढीच्या बाजूला भोक पडलं तर उलटं होतं. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली एक थेंब पडत नाही, पाइप कोरडा दिसतो, आणि आपण म्हणतो "लीकेज कुठेच नाही".

हवा आत गेली तर एवढं काय बिघडतं? डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. पंपात बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझल उघडतच नाही. यालाच ड्रायव्हर लोक "गाडीने एअर घेतली" म्हणतात.

बंद कशी पडली, ते आधी सांगा

"बंद पडली" एवढं सांगून भागत नाही. कशी पडली, त्यावर पुढची तपासणी ठरते.

पहिला प्रकार : किल्ली फिरवल्यासारखी खटकन बंद. अशा वेळी स्टॉप सोलेनॉइड, त्याची वायर किंवा स्टॉप केबल यांच्यावर संशय घ्या. केबलची स्प्रिंग सैल झाली असेल तर खड्ड्यातल्या धक्क्यानेही लिव्हर 'बंद'कडे सरकू शकतो.

दुसरा प्रकार : चढावर किंवा लोडमध्ये पिकअप कमी होत होत बंद, थोडं थांबलं की सुरू. हा तुंबण्याचा प्रकार. फिल्टर, टाकीतली जाळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, किंवा आतून मिटणारा रबरी पाइप.

तिसरा प्रकार : झटके देत, आवाज वरखाली होत बंद, आणि हँड प्रायमर मारून एअर काढल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ओढीच्या बाजूने हवा येतेय.

चौथा प्रकार : इंजिन गरम असताना बंद केलं की परत सुरू व्हायला त्रास, थंड झालं की ठीक, आणि हे रोजचंच. इथे पंप आतून झिजल्याची शंका खरी असू शकते. डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या भागांतून निसटतं.

एक पाचवा प्रकारही आहे, आणि त्यात घाई करायची नाही. टेंपरेचरचा काटा वर गेला होता, ऑइलचा दिवा लागला होता, किंवा स्टार्टर मारल्यावर इंजिन फिरतच नाही. अशा वेळी परत परत सेल मारू नका. आधी पाणी आणि ऑइल बघा, तेही इंजिन थंड झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

आता श्रोत्याची गाडी बघा. चढावर दम टाकते, थांबलं की सुरू होते, म्हणजे दुसरा प्रकार. नोझल खराब असते तर धूर, ठोक्याचा आवाज, मिसिंग हे सपाट रस्त्यावरही दिसलं असतं. आणि झिजलेलं नोझल वीस मिनिटांत बरं होत नाही. तुंबलेली लाइन मात्र होते! इंजिन थांबलं की ओढ थांबते, जाळीला चिकटलेला कचरा खाली बसतो, टाकीत अडलेली हवा हळूहळू भरते. म्हणून गाडी परत सुरू होते, आणि पुढच्या चढावर तेच.

फुकटातल्या तपासण्या आधी

१. टाकीचं झाकण. डिझेल कमी होतं तशी टाकीत बाहेरची हवा आत यायला हवी. झाकणाचं भोक चिखलाने बुजलं तर आत निर्वात तयार होतो आणि डिझेल खेचलं जात नाही. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली, तर गुन्हेगार सापडला. खर्च शून्य.

२. हँड प्रायमर. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करा, फीड पंपावरचा प्रायमर मारा. फेस किंवा बुडबुडे येतच राहिले तर हवा. प्रायमर जड लागतोय आणि डिझेल येतच नाही, तर मागे कुठेतरी तुंबलंय. स्वच्छ, सलग धार आली तर तिथपर्यंतचा रस्ता निदान त्या क्षणी मोकळा आहे.

३. फिल्टर आणि पाणी. फिल्टर शेवटी कधी बदलला? खालचा ड्रेन उघडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या, दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी असेल तर ओलावा आत धरतो. पाण्यासोबत काळपट, चिकट गाळही येतो. नवा फिल्टर टाकला की चार दिवस ठीक आणि मग परत तेच, असं होत असेल तर टाकी साफ करायला हवी.

४. पारदर्शक पाइप. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप लावा आणि इंजिन चालू ठेवा. आता हवा डोळ्यांना दिसेल. मोबाइलवर व्हिडिओ काढून मिस्त्रीला पाठवा, वाद मिटतो.

५. स्टॉप सोलेनॉइडला बल्ब. पहिल्या प्रकारची शंका असेल तर सोलेनॉइडच्या वायरला एक छोटा बल्ब जोडून केबिनमध्ये आणा. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असताना त्या वायरला करंट असतो. गाडी बंद पडताना बल्बही विझला, तर दोष वायरिंगमध्ये. काही गाड्यांत रचना उलटी असते, बंद करतानाच करंट जातो. ते आधी विचारून घ्या.

अर्धा अर्धा करत शोधायचं

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना कोड अर्ध्यात कापतो : या बाजूला आहे की त्या? इथेही तेच जमतं. मिस्त्रीला सांगा, स्वच्छ डिझेलचा एक कॅन घट्ट बांधून त्याचा पाइप थेट फीड पंपाला जोड. गाडीची टाकी बाजूला राहिली. आता गाडी नीट चालली, तर दोष टाकी, जाळी किंवा तिथून येणाऱ्या पाइपमध्ये. तरीही बंद पडली, तर पुढे फीड पंप, फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी मोठा पंप.

एक लक्षात ठेवा : उभ्या गाडीला डिझेल कमी लागतं. त्यामुळे हवेचा दोष उभ्या उभ्या सापडेल, पण तुंबण्याचा दोष लोडमध्येच दिसतो. ती चाचणी मोकळ्या रस्त्यावर, मिस्त्रीला सोबत घेऊन. कॅन केबिनमध्ये ठेवायचा नाही आणि गरम सायलेन्सरपासून लांब बांधायचा.

आमच्या मामांच्या ट्रकचा किस्सा इथे बसतो. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने वाशीला जायची गाडी. जाताना टाकी फुल, काही त्रास नाही. येताना रिकामी असूनही झटके देऊन बंद. पंप खोलायचं जवळपास ठरलं होतं. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने फक्त एक प्रश्न विचारला : "बंद पडते तेव्हा काटा कुठे असतो?" आठवून बघितलं, तर दरवेळी अर्ध्याच्या खाली. टाकीच्या आत डिझेल ओढणारी जी नळी असते, तिला वरच्या बाजूला बारीक चीर होती. टाकी भरलेली असताना चीर डिझेलमध्ये बुडालेली, त्यामुळे काहीच कळायचं नाही. पातळी खाली आली की तिथून हवा. नळी बदलली, पंपाला हातही लावला नाही.

बंद पडली त्या क्षणी

घाटात इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग एकदम जड होतं, पण फिरतं. दोन्ही हातांनी जोर लावा. व्हॅक्यूमच्या मदतीने चालणाऱ्या ब्रेकमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरती मदत उरते. एअर ब्रेकमध्ये टाकीत असेल तेवढीच हवा. म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबा आणि कडेला घ्या. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडू नका. हँडब्रेक, गिअर, चारही इंडिकेटर, मागे त्रिकोण, चाकाला दगड. आणि निघताना तो दगड रस्त्यात ठेवून जाऊ नका, मागून दुचाकीवाला येत असतो.

अजून एक : नोझलचा पाइप सैल करून कोणी सेल मारत असेल तर हात आणि तोंड लांब ठेवा. त्या दाबाची धार कातडीच्या आत घुसते.

श्रोत्यासाठी उत्तर

भावा, वडिलांना सांग, पुढचे तीन वेळा गाडी बंद पडेल तेव्हा मोबाइलवर व्हॉइस नोट करायची : टाकीचा काटा, लोड किती, चढ की सपाट, खटकन की हळूहळू, धुराचा रंग, किती वेळाने सुरू झाली. पहिल्याच वेळी टाकीचं झाकण उघडून 'फुस्स' ऐकायचं. मग फिल्टर आणि पाणी, मग जाळी आणि पाइप, मग कॅनची चाचणी. एवढं होऊनही दोष पुढेच निघाला, तर पंप बेंचवर तपासायला देण्यात अर्थ आहे. आणि मिस्त्रीला "पंप बघा" असं सांगू नका. "हळूहळू बंद पडते, झाकण उघडल्यावर फरक पडत नाही, प्रायमर जड लागतो" असं सांगा. चांगला मिस्त्री तिथूनच पुढे जाईल.

झाकणाचं काय निघालं ते नक्की कळव, पुढच्या भागाच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगू. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर असेल तर त्यांचे किस्सेही पाठवा. ट्रॅक्टरमध्येही डिझेलचा रस्ता बराचसा असाच असतो. भेटू पुढच्या भागात!