नदीच्या उलट्या वाटेने, सायकलवरून!

दोस्तांनो, आमच्या चौथीच्या वर्गात एकदा नदीचा पाठ चालला होता. उगम, मुख, उपनदी हे शब्द फळ्यावर लिहून झाले आणि मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, आपल्या वरसाव्याला एवढी मोठी खाडी आहे. मग नळाला पाणी आलं की आई बादल्या, कळश्या, पातेली सगळं का भरून ठेवते?"

सगळा वर्ग हसला. मी म्हणाले, "अरे, खाडीचं पाणी खारट असतं."

"मग नळाचं गोड पाणी कुठून येतं?"

"धरणातून," असं सांगून मी मोकळी झाले. पण खरं सांगू? कोणतं धरण, कोणती नदी, कोणती वाट, हे मलाही धड ठाऊक नव्हतं. पुस्तकात शोधता आलं असतं. पण म्हटलं, या वेळी नदीलाच विचारू या! वरसाव्याच्या खाडीपासून उल्हास नदीच्या काठाकाठाने थेट डोंगरापर्यंत. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, दिवस दोन आणि वाहन सायकल!

आम्ही चौघं निघालो. मी, शाळेतले दोन सहकारी गुरुजी आणि आठवीतली माझी भाची. मागे सामान, पंप आणि पंक्चरची पेटी घेऊन माझ्या मेव्हण्यांचा टेम्पो. निघताना भाचीने घरच्या नळाची बाटली भरून घेतली. ती बाटली लक्षात ठेवा हं!

आपण बेटावर राहतो!

जानेवारी महिना. पहाटे पाचला वरसाव्याच्या नाक्यावर बोचरी थंडी होती. एका बाजूला गुजरातकडे जाणारा पूल, दुसऱ्या बाजूला ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता. जवळच टेकडीवर घोडबंदरचा किल्ला. एके काळी इथल्या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पोर्तुगीजांच्या ताब्यातला हा किल्ला 1737 साली मराठ्यांनी जिंकला आणि दोनच वर्षांत चिमाजी अप्पांनी पलीकडची वसईही घेतली.

पूर्वी खाडी म्हणजेच हमरस्ता होता. कल्याणहून निघालेलं गलबत ठाण्याला येई. तिथे खाडीला दोन फाटे फुटतात. एक घोडबंदरवरून वसईच्या समुद्राला मिळतो, दुसरा दक्षिणेला मुंबई बंदराकडे जातो. या दोन फाट्यांच्या मधला भूभाग म्हणजे साष्टी बेट. म्हणजे मिरा-भाईंदर, वरसावे आणि ठाणे शहर, सगळे बेटावरच की! आहे की नाही गंमत?

गायमुखचा धडा

चेने गाव मागे पडलं आणि गायमुखचा घाट लागला. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिच्या कडेला तिवरांची दाटी. घाट तसा छोटाच, पण चढ छातीवर येणारा. त्यात अवजड वाहनांची रांग. भाची जिद्दीने पायडल मारत होती. एवढ्यात एक लांबलचक ट्रेलर आमच्या इतक्या जवळून गेला, की त्याच्या वाऱ्याने तिची सायकल हेलपाटली. ती पडली नाही, पण तिचा चेहरा पांढराफटक झाला.

"मावशी, मी नाही येत पुढे. परत जाऊ या."

मी तिला रागावले नाही. आम्ही सगळेच सायकलवरून उतरलो, रस्त्याच्या अगदी कडेने, एकामागे एक, सायकली ढकलत घाट चढलो. माथ्यावर पोचल्यावर ती हळूच म्हणाली, "उतरून चाललं तर हरलो असं नाही ना?" मुळीच नाही! मुलांनो, रस्ता धोक्याचा असेल तिथे उतरून चालणारा सायकलस्वारच शहाणा. मग मीही ठरवलं, आपला हट्ट पोरीच्या जिवावर नको. तिची सायकल टेम्पोत चढली आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा महामार्ग तिने टेम्पोत बसून पार केला.

खारट कुठे संपतं?

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी थांबलो. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि इथे आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात केली. समुद्र इतका दूर, आणि जहाजं इथे? कारण समुद्राची भरती खाडीतून पार इथपर्यंत येते.

पुढे शहाड. इथे कोड्याचा पहिला धागा सापडला! भरतीचं खारं पाणी मागे राहतं आणि नदी गोडी होते. शहाडला नदीतून पाणी उचलतात, शुद्ध करतात आणि मोठमोठ्या जलवाहिन्यांतून ठाणे, भिवंडी आणि मिरा-भाईंदरकडे पाठवतात. शहाड आणि टेमघर या गावांच्या नावांवरून या योजनेला 'स्टेम' म्हणतात. आणखी वर, जांभूळजवळही पाणी उचललं जातं. तिथे बारवी धरणातून सोडलेलं पाणीही उल्हासमध्ये आलेलं असतं. तेही आपल्या भागाला मिळतं.

म्हणजे भाचीच्या बाटलीतलं पाणी याच नदीचं! दारातली खाडी आणि नळाचं पाणी, दोन्ही उल्हासचीच. फक्त एक समुद्राला मिळालेली आणि दुसरी त्याआधीच वळवून घेतलेली.

अंबरनाथला 1060 सालचं शिवमंदिर पाहिलं. दगडावरचं कोरीवकाम बघत राहावं असं. पण देवळाच्या शेजारून वाहणाऱ्या वालधुनीकडे बघवेना. काळंकुट्ट पाणी, नाकाला रुमाल लावावा असा वास. कारखान्यांची आणि शहरांची घाण पोटात घेऊन ही नदी कल्याणला खाडीत उतरते. भाचीने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा नदीकडे. बोलली काहीच नाही.

मुक्काम बदलापूरला. रात्री पाय असे ठणकत होते की विचारू नका!

पुराच्या खुणा

दुसऱ्या दिवशीचा रस्ता मात्र झकास. भाचीही पुन्हा सायकलवर! उजवीकडे माथेरानचा डोंगर, समोर सह्याद्रीची भिंत, मध्ये भाताची कापलेली खाचरं. चढ डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना बरोब्बर कळतो.

वांगणीच्या अलीकडे थांबून आम्ही रेल्वेमार्गाकडे पाहिलं. 26 जुलै 2019 च्या रात्री इथेच महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. उल्हासचं पाणी रुळांवर चढलेलं, गाडीत हजाराहून जास्त माणसं. गावकरी, नौदल आणि आपत्ती दलाच्या जवानांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. जानेवारीत शांतपणे वाहणारी नदी बघून हे खरंच वाटत नाही. पण पावसाळ्यात नदीला पसरायला जागा लागते आणि तिची जागा आपण भराव टाकून अडवली, तर ती घरात शिरते.

नदी आटली, तरी वाहते कशी?

नेरळ, मग कर्जत. शेवटचे चौदा-पंधरा किलोमीटर कोंदिवडे गावापर्यंत. वर राजमाचीचा डोंगर, त्याच्या कुशीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची कोंढाणे लेणी. याच डोंगरांत, लोणावळ्याच्या बाजूला, उल्हासचा उगम. मोठ्या उत्साहाने नदीकाठी गेलो, तर काय? नुसते गोटे आणि मधेमधे डबकी!

मग वांगणीला भरलेली नदी दिसली ती कशी? हे कोडं एका गुरुजींनी सोडवलं. घाटमाथ्यावर मावळात आंद्रा नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे ते पाणी जायचं बंगालच्या उपसागरात. पण टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं आणि बोगद्यातून, नळांतून घाटाखाली भिवपुरीला सोडलं. 1922 पासून तिथे त्या पाण्यावर वीज तयार होते. काम संपलं की पाणी पेज नदीत जातं आणि पेज उल्हासला मिळते. म्हणून उन्हाळ्यातही उल्हास वाहते! आळंदीकडे निघालेलं पाणी आपल्या कळशीत येतं, ते असं.

भाचीच्या बाटलीत तळाशी दोन घोट उरले होते. तिने ते ओतून दिले नाहीत, पिऊन टाकले.

सोमवारी वर्गात मी फळ्यावर नकाशा काढला. प्रश्न विचारणाऱ्या मुलालाच पुढे बोलावलं आणि खडूने पाण्याची वाट दाखवायला लावली. आंद्रा, पेज, उल्हास, शहाड, वरसावे. तो मागे वळून म्हणाला, "बाई, एवढ्या लांबून येतं?" त्या दिवशी हात धुताना नळ कुणी उघडा ठेवला नाही.

तुम्हालाही जायचंय?

* सगळी वाट एकदम करू नका. घोडबंदर रस्ता आणि महामार्ग मुलांच्या सायकलींसाठी नाहीत. बदलापूर ते नेरळ हा टप्पा घ्या, तोही मोठ्या माणसांसोबतच.
* डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसाळ्यात अजिबात नको.
* हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंप, पंक्चरचं सामान, गूळ-शेंगदाणे आणि भरपूर पाणी जवळ हवं.
* निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक आणि चाकांची हवा तपासा.
* नदी कितीही शांत दिसली, तरी पाण्यात उतरू नका.

पालकांनो, एखादी सुट्टी यासाठी राखून ठेवाच. आणि मुलांनो, तुमच्या घरच्या नळाला कोणत्या नदीचं पाणी येतं? आज रात्री जेवताना आई-बाबांना विचारा. त्यांना सांगता आलं नाही, तर मग तुम्हीच शोधा!