वणवा विझवताना हुकूम कोणाचा?

एका डोंगरावर एकच वणवा लागला, तर तो त्या परिक्षेत्राच्या वनरक्षकांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी विझवायचा विषय असतो. त्याच दिवशी जिल्ह्यात दहा ठिकाणी आगी लागल्या, वारा सुटला, एक आग महामार्गाला भिडली आणि दुसरी वस्तीच्या दिशेने निघाली, की प्रश्न वेगळा होतो. माणसं, गाड्या, पाणी, सगळंच अपुरं पडतं. कोणती आग आधी रोखायची आणि कोणती काही काळ जळू द्यायची, हे कुणाला तरी ठरवावं लागतं. वनखातं, अग्निशमन दल, पोलीस, महसूल, आरोग्य, वीजपुरवठा आणि कधी लष्करही मैदानात उतरतं. प्रत्येकाचा वरिष्ठ वेगळा, वायरलेस वेगळा, कामाची पद्धत वेगळी. या सगळ्यांकडून एकाच आराखड्यानुसार काम करून घेणं म्हणजे जिल्हा पातळीवरचा आपत्कालीन समन्वय.

हे जंगलातच घडतं असं नाही. बंगळुरूत मारतहळ्ळीच्या शेजारी बेळ्ळंदूर तलाव आहे. विस्तार सुमारे नऊशे एकर, शहरातला सर्वांत मोठा तलाव. आयटी कंपन्यांमुळे या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही त्याचा फेस आणि दुर्गंधी परिचयाची आहे. १९ जानेवारी २०१८ च्या शुक्रवारी या तलावात आग लागली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिली. अर्थात, पाणी जळत नव्हतं. वर्षानुवर्षं आलेल्या सांडपाण्यावर जलपर्णी आणि गवत माजलं होतं. थंडीत ते काठालगत वाळलं होतं आणि त्यात कचराही अडकला होता. पेटलं ते हे सगळं.

अशी आग विझवणं जंगलाइतकंच अवघड असतं. काठावरून पाहिलं तर समोर सपाट कुरण दिसतं; पाय ठेवला तर तो चिखलात रुततो. बंब काठावरच थांबतो आणि पाण्याच्या नळीला पल्ल्याची मर्यादा असते. ज्वाळा मात्र आत, नळीच्या टप्प्याबाहेर सरकत राहतात. वरचं गवत विझलं तरी खालचा वाळलेल्या मुळांचा थर धुमसतो आणि वाऱ्याची झुळूक आली की पुन्हा पेट घेतो. त्या दिवशी तलावाकाठी असलेल्या लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरच्या केंद्रातून सुमारे पाच हजार जवान मदतीला आले. एवढं मनुष्यबळ इतक्या जवळ मिळालं, हे शहराचं भाग्य. प्रत्येक तलावाशेजारी लष्कराचं केंद्र नसतं.

बेळ्ळंदूरच्या आगीत खरी गुंतागुंत जबाबदारीची होती. तलावाचा ताबा बंगळुरू विकास प्राधिकरणाकडे, सांडपाणी जलमंडळाचं, कचरा महापालिकेचा, प्रदूषणावर देखरेख राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची, काठची काही जमीन संरक्षण खात्याची. अग्निशमन दल तर महापालिकेचं नव्हेच. मुंबईत अग्निशमन दल पालिकेच्या अखत्यारीत येतं. कर्नाटकात ते राज्याच्या गृहखात्याखाली आहे. आग एकच, पण तिच्या प्रत्येक कारणाचा मालक निराळा. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या तलावांच्या दुरवस्थेबद्दल राज्य सरकारला ५० कोटी आणि महापालिकेला २५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, तेव्हा दंडाची ही विभागणीच जबाबदारी किती वाटली गेली आहे हे सांगत होती.

कायद्याने याचं उत्तर दिलेलं आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, लोकनियुक्त प्रतिनिधी सहअध्यक्ष, पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी सदस्य. कलम ३४ प्रमाणे हे प्राधिकरण जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी खात्याची साधनं वापरायला घेऊ शकतं, रस्ता बंद करू शकतं, बाधित भागात कुणी जावं आणि कुणी नाही हे ठरवू शकतं. कलम ५० मुळे तातडीची खरेदी निविदेविना होते. अधिकार भरपूर आहेत. उणीव आहे ती सदस्यांच्या यादीत. मूळ कायद्यात वनाधिकारी पदसिद्ध सदस्य नाहीत. राज्य सरकार आणखी दोन जिल्हास्तरीय अधिकारी नेमू शकतं, त्यांत वनाधिकाऱ्यांची वर्णी लागली तर लागली. जिथे जिल्ह्याचा मोठा भाग जंगलाखाली आहे, तिथे ही नेमणूक उन्हाळ्याआधी करून घ्यायलाच हवी. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्यांसाठी आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. त्यात महापालिका आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष असतात. बंगळुरूत मात्र सप्टेंबर २०२५ पासून एका महापालिकेच्या जागी पाच आल्या. नाले आणि तलाव या नव्या हद्दी पाहून वाहत नाहीत, त्यामुळे कोणत्या काठाला कोणाचा हुकूम चालेल हे कागदावर आधीच लिहून ठेवणं इथे फार गरजेचं आहे.

घटनास्थळी हुकूम कसा चालावा याची पद्धत मुळात वणव्यांतूनच जन्मली. १९७० च्या शरद ऋतूत दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले. १६ जण दगावले, सातशेहून अधिक इमारती जळाल्या. मदतीला धावलेल्या दलांकडे शूर माणसं आणि चांगली यंत्रं होती, पण त्यांचे वायरलेस एकमेकांशी जुळत नव्हते, एकाच वस्तूला प्रत्येक दल वेगळं नाव देत होतं आणि सर्वांवर मिळून कुणी एक अधिकारी नव्हता. त्यानंतर ‘फायरस्कोप’ प्रकल्पातून ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ तयार झाली. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिच्या धर्तीवर ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

ही पद्धत समजायला सोपी आहे. जिल्हाधिकारी हे जबाबदार अधिकारी. ते स्वतः आगीजवळ उभे राहत नाहीत. जिल्ह्यातल्या सगळ्या आगींकडे एकत्र पाहतात आणि वरून मदत मागवतात. प्रत्येक मोठ्या आगीवर एकच घटना-अधिकारी, म्हणजे इन्सिडेंट कमांडर असतो. त्याच्या हाताखाली तीन शाखा काम करतात. एक प्रत्यक्ष आग विझवते. दुसरी नकाशा, हवामान आणि पुढच्या बारा तासांचा आराखडा सांभाळते. तिसरी जेवण, डिझेल, पाणी, औषधं आणि वाहनं पुरवते. एका माणसाने साधारण पाच जणांवर लक्ष ठेवावं, सातांहून अधिक नकोत, असा दंडक आहे. धुरात पन्नास माणसं एकाच अधिकाऱ्याला विचारू लागली, तर कुणालाच उत्तर मिळत नाही. वनक्षेत्रात घटना-अधिकारी सहसा वनखात्याचाच असावा, मग तिथे आलेला पोलीस किंवा महसुली अधिकारी पदाने मोठा का असेना. आपल्या प्रशासनात ज्येष्ठतेचा मान मोठा असल्याने हे पचनी पडायला जड जातं, पण जंगलाची पायवाट ज्याला माहीत आहे त्याच्या हाती माणसांचे जीव सुरक्षित असतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये चामराजनगर जिल्ह्यातल्या बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात या सगळ्याचा कस लागला. बंगळुरूहून मैसूर, गुंडलुपेट करत जाणाऱ्या रस्त्यावरचं हे पानगळीचं जंगल. एका बाजूला तमिळनाडूचं मुदुमलाई, दुसऱ्या बाजूला केरळचं वायनाड. २० तारखेनंतर गोपालस्वामी बेट्ट आणि कुंदकेरे परिसरात एकामागून एक आगी भडकल्या आणि दहा हजार एकरांहून अधिक जंगल जळालं. त्याच आठवड्यात, २३ फेब्रुवारीला, बंगळुरूच्या येलहंका तळावर ‘एरो इंडिया’ प्रदर्शनाच्या वाहनतळातलं वाळलं गवत पेटलं आणि सुमारे तीनशे मोटारी खाक झाल्या. कोरडं गवत आणि सुटलेला वारा यांना जंगल काय नि वाहनतळ काय, सारखंच.

बंदीपुरात इंधन पुरवलं ते गवताने आणि घाणेरीने. पाऊस चांगला झाला की गवत कमरेएवढं वाढतं आणि माघानंतर वाळून कोळ होतं. घाणेरीची झुडपं त्याहून वाईट. जमिनीवरून सरपटणारी आग त्यांच्यावर चढते आणि झाडांच्या फांद्यांपर्यंत पोचते.

वणव्याची पहिली खबर आता बऱ्याचदा आकाशातून येते. उपग्रहांवरची उष्णतामापक उपकरणं दिवसा आणि रात्री भूभाग टिपतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यातून तापलेले ठिपके वेगळे काढून वनखात्याच्या मोबाइलवर इशारा पाठवते. जुन्या ‘मोडिस’ उपकरणाचा एक ठिपका एक किलोमीटरचा, नव्या ‘व्हीआयआयआरएस’चा ३७५ मीटरचा. कर्नाटकात राज्य दूरसंवेदन केंद्रही हे काम करतं. तरीही उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो आणि दाट छायेखालची छोटी आग त्याला दिसत नाही. त्यामुळे टेहळणी मनोऱ्यावरचा माणूस आणि महाराष्ट्रात १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करणारा गावकरी यांची गरज संपलेली नाही. इशारा आल्यापासून पहिली तुकडी पोचेपर्यंतचा वेळ पुढचं सगळं ठरवतो. पहिल्या तासात दहा माणसं जे करतील, ते दुसऱ्या दिवशी शंभरांना जमत नाही.

ही दहा माणसं काय करतात? उतारावर बंब चढत नाही, पाणी नसतं. हिरव्या फांद्या तोडून आगीची कड झोडपायची, पाठीवरच्या ब्लोअरने पालापाचोळा मागे उडवून जमीन उघडी करायची, आणि आग फार मोठी असेल तर पुढे पायवाटेवर उभं राहून उलटी आग लावायची, म्हणजे दोन्ही आगी भेटतात तिथे जळायला काही उरत नाही. हे शेवटचं काम अनुभवी माणसाच्या हुकमाशिवाय करायचं नाही. वारा फिरला तर उलटी आग आपल्याच माणसांना वेढते. उतारावर जळता ओंडका घरंगळला तर खाली नवी आग लागते, म्हणून एक माणूस केवळ वर बघत उभा ठेवावा लागतो. बंदीपुरात २०१७ च्या वणव्याने एका वनरक्षकाचा बळी घेतला होता. या कामाचा धोका केवळ सांगण्यापुरता नाही.

२०१९ मध्ये २५ फेब्रुवारीला हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं आली. त्यांच्याखाली लोंबणाऱ्या ‘बांबी बकेट’मधून एका खेपेला काही हजार लिटर पाणी टाकता येतं. ही बादली जवळच्या जलाशयात बुडवून भरायची, म्हणजे खोल आणि तारांचा अडथळा नसलेला जलाशय कोणता हे जिल्ह्याच्या नकाशावर आधी नोंदलेलं हवं. पाणी पडताना खालची माणसं बाजूला काढावी लागतात आणि पडून गेल्यावर लगेच आत धाडावी लागतात. हेलिकॉप्टर आगीचा जोर मोडतं, विझवतात ती जमिनीवरचीच माणसं. वैमानिकाचं जमिनीवरच्या तुकडीशी बोलणं होत नसेल, तर निम्मं पाणी वाया जातं.

बंदीपूरला बंगळुरू-मैसूरहून स्वयंसेवकही मोठ्या संख्येने धावले. त्यांची तळमळ खरी होती आणि उपयोगही झाला. पण स्वयंसेवक आले की समन्वयाचं काम वाढतं. जंगलाच्या तोंडाशी एक जमण्याची जागा लागते. तिथे नाव नोंदवायचं, पायात बूट आणि अंगात सुती कपडे आहेत का पाहायचं, माहीतगार वनरक्षकाबरोबर जोडून द्यायचं. बाकीच्यांना पाणी, जेवण, वाहतूक यांत लावायचं. संध्याकाळी तीच यादी घेऊन मोजणी करायची. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणी इथे ११ मार्च २०१८ ला वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहक दगावले. आत किती जण गेले, कोणत्या वाटेने गेले, हे नाक्यावर नोंदलेलं असेल तरच शोध घेणाऱ्याला दिशा मिळते.

वस्तीजवळच्या आगीत लोकांना वेळेवर हलवणं हे सर्वांत नाजूक काम. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत, जिथे साधनं आणि सराव दोन्ही भरपूर, तिथेही अल्टाडेनाच्या पश्चिम भागाला घर सोडण्याचा आदेश आग लागल्यावर कित्येक तासांनी, पहाटे मिळाला. ‘ईटन’ नावाच्या या वणव्यातले बहुतेक मृत्यू याच भागात झाले. एकाच रात्री अनेक वणवे पेटलेले असताना कोणत्या मोहल्ल्याला इशारा द्यायचा राहिला, हे पाहणारा वेगळा माणूस लागतो. भारतात मोबाइलवर ठरावीक क्षेत्रापुरता इशारा धाडणारी ‘सचेत’ यंत्रणा आता आहे. मात्र तो मजकूर कोणी लिहायचा, किती भाषांत, हे आधी ठरलेलं असावं. मारतहळ्ळीसारख्या भागात केवळ कन्नड आणि इंग्रजी मजकूर पुरणार नाही. बांधकामावरच्या मजुरांच्या वस्त्यांत हिंदी, बंगाली, ओडिया बोलली जाते, आणि पत्र्याच्या खोल्यांत आग सर्वांत आधी शिरते. धुराचा त्रास आगीच्या पलीकडे कित्येक किलोमीटर जातो, म्हणून दमेकरी, गरोदर बायका आणि वृद्ध यांच्यासाठी दवाखान्यांना वेगळी सूचना जावी लागते.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या की गर्दी पांगते, तेव्हा वनरक्षकांचं दुसरं काम सुरू होतं. जळलेल्या पट्ट्याची कड चालत फिरायची, पोकळ बुंध्यातला धूर शोधायचा, माती लोटायची, हात लावून गारवा तपासायचा. दोन-तीन दिवस हा पहारा ठेवावा लागतो. मग उपग्रहाच्या चित्रांवरून जळालेलं क्षेत्र मोजलं जातं आणि आग कुठे लागली, इशारा कधी आला, तुकडी किती वाजता पोचली, वायरलेस कुठे तुटला याची तासवार नोंद केली जाते.

या नोंदीचा उपयोग पुढच्या मार्गशीर्ष-पौषात होतो, जाळरेषा काढताना. रस्त्याच्या कडेने आणि परिक्षेत्राच्या हद्दीवरून गवत कापून, आडवं पाडून, नियंत्रित आग लावून उघडा पट्टा तयार करतात. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतात, त्याआधी हे काम उरकावं लागतं. विदर्भात हंगामापुरते अंगारी, म्हणजे आगीवर पहारा ठेवणारे मजूर, नेमतात. अंगारींची मजुरी उशिरा मंजूर झाली किंवा दव जास्त पडल्याने गवत जळेना, तर जाळरेषा अपुऱ्या राहतात आणि फाल्गुनात त्याची किंमत मोजावी लागते. शेजारच्या जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द लागत असेल तिथे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पट्टा काढायला हवा. बेळ्ळंदूरसारख्या तलावाला हेच काम काठावरची वाळलेली जलपर्णी पौषाआधी काढून नेण्याच्या आणि काठी कचरा टाकू न देण्याच्या रूपात करावं लागतं.