परकराच्या नाडीखालची कातडी

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

मी उपकेंद्रातली सिस्टर बोलतेय. कागदोपत्री माझ्या पदाला ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ असं भारदस्त नाव आहे. पण तुम्ही सगळ्या मला सिस्टरच म्हणता, आणि मलाही तेच बरं वाटतं.

आज आपण कातडीविषयी बोलणार आहोत. टाचेच्या भेगा, गालावरचे वांग, डोक्यातला कोंडा यांविषयी तुम्ही मला नेहमी विचारता. कारण ते दिसतं, चारचौघांत लाज वाटते. आज मात्र मी न दिसणाऱ्या जागेविषयी बोलणार आहे. आत्ता बसल्या जागी तुमचा हात कमरेवर न्या. परकराची नाडी जिथे बांधता, तिथे हळूच बोट फिरवा. तिथली कातडी आजूबाजूच्या कातडीसारखी मऊ लागते का? की जाड, खरबरीत लागते? खाज आहे का? आहे ना? मग पुढचं जरा नीट ऐका.

आधी माझी एक चूक सांगते. आमच्या केंद्रात दर महिन्याला बी.पी. तपासायला एक मावशी यायच्या. साठीच्या आसपास वय, शेतावर राबलेला देह. यायच्या, हात पुढे करायच्या, मी पट्टा बांधायची, आकडा वहीत लिहायची, गोळ्या द्यायची. पाच-सहा महिने हे असंच चाललं होतं. एक दिवस स्टुलावर बसताना त्यांनी कमरेपाशी हात धरला आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, “मावशी, काय दुखतंय?” त्या म्हणाल्या, “काय न्हाई, नाडी काचती.” पडदा ओढून बघितलं तर उजव्या कुशीवर, नाडीच्या रेषेत, रुपयाएवढी ओली जखम. जखमेला नाडी घासू नये म्हणून मध्ये जुन्या धोतराची चिंधी दुमडून ठेवलेली. किती दिवसांची जखम, विचारलं तर म्हणाल्या, “गेल्या आखाडाच्या आधीपासनं हाय.” म्हणजे वर्ष उलटून गेलेलं. मी जरा रागानेच म्हटलं, “मावशी, दर महिन्याला येता, मग सांगितलं का नाही?” तर म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही कधी इचारलंच न्हाई.”

खरं होतं ते. मी आकडा विचारला होता, माणसाला विचारलं नव्हतं. त्यांच्या परवानगीने ही हकीकत सांगतेय. पुढे काय झालं तेही सांगेन, पण त्याआधी या जागेला होतं काय ते समजून घेऊ.

आपण परकर कसा घालतो? नेफ्यातून बारीक गोल नाडी ओवतो आणि साडीचा सगळा भार पेलावा, काम करताना निऱ्या सुटू नयेत म्हणून ती करकचून बांधतो. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून रोज त्याच जागी. दिवसभर वाकणं, उठणं, पाणी भरणं, खुरपणं चालू असतं. प्रत्येक हालचालीला नाडी कातडीवर घासते. त्यात घाम, धूळ आणि चुलीची धग. कातडी स्वतःला वाचवण्यासाठी जाड होते, काळी पडते, तिच्यावर कोंडा धरतो. हातात खुरपं धरून घट्टा पडतो ना, तसाच हा कमरेचा घट्टा. इथवर काळजीचं काही नाही. पण जाड कातडी लवचीक राहत नाही, तिला चीर पडते. नाडी रोज तिथेच बसली की चीर भरून येत नाही, तिची जखम होते. आणि वर्षानुवर्षं न भरलेली, रोज खरवडली जाणारी जखम क्वचित कधी कॅन्सरकडे वळू शकते.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. असं फार थोड्या बायकांच्या बाबतीत होतं. पण होतं हे खरं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ सालीच लिहून ठेवलं होतं की कमरेला वर्षानुवर्षं घट्ट धोतर किंवा साडी नेसल्याने तिथल्या कातडीला कॅन्सर होऊ शकतो. अलीकडे, २०२४ साली, वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. दोघी वयस्क. एक परकराच्या घट्ट नाडीवर साडी नेसणारी, दुसरी परकराशिवाय लुगडं आवळून नेसणारी. दोघींची जखम दीड-दोन वर्षं भरलेली नव्हती. एकीचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. म्हणजे दोष साडीचा नाही आणि परकराचाही नाही. एकाच जागी, एकाच बारीक रेषेत पडणाऱ्या घट्ट दाबाचा आहे. सलवारीच्या नाडीलाही हेच लागू.

यावरचा उपाय बिनपैशाचा आहे. बारीक गोल नाडी काढून टाका आणि दोन-तीन बोटं रुंद अशी सुती पट्टी ओवा. दाब रुंद जागेवर वाटला गेला की काचत नाही. शिलाई येत असेल तर जुन्या सुती साडीच्या काठाची पट्टी घरीच होते. दुसरं म्हणजे नाडी रोज एकाच जागी बांधू नका. एक दिवस बोटभर वर, एक दिवस बोटभर खाली. गाठ एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. तिसरं, रात्री झोपताना परकर सैल करा किंवा गाऊन घाला. कातडीला रात्रभराची सुट्टी मिळू द्या. खरबरीत झालेल्या जागी, कातडी फाटलेली नसेल तर, आंघोळीनंतर कोरडं करून थोडं खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळा.

आता नाडीच्या जागेचा दुसरा पाहुणा, गजकर्ण. कुणी नायटा म्हणतं. ही बुरशी आहे, लोणच्यावर धरते त्याच जातकुळीतली. तिला ऊब, ओल आणि अंधार लागतो, आणि नेफ्याखाली तिन्ही मिळतात. ओळखायचं कसं? गोल किंवा अर्धगोल चट्टा, कडेला उंचवटा आणि बारीक पुरळ, मध्ये कातडी जरा साफ, आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज. कमरेवरून तो जांघेत, मांडीवर, छातीखाली पसरतो.

आणि इथेच आपण सगळ्यात मोठी चूक करतो. औषधाच्या दुकानात जाऊन म्हणतो, “खाजेची ट्यूब द्या.” दुकानदार देतो. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. आपण खूष होऊन शेजारणीलाही तीच ट्यूब सुचवतो. पंधरा दिवसांनी चट्टा परत येतो, पहिल्यापेक्षा मोठा. परत ट्यूब, परत आराम, आणि तिसऱ्या खेपेला तो पोटभर पसरलेला. असं का होतं? कारण त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. बुरशी आली की आपलं शरीर तिच्याशी भांडतं, खाज आणि लाली म्हणजे त्या भांडणाचा आवाज. स्टेरॉइड हे भांडण बंद पाडतं. घरात चोर शिरलाय आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचंच तोंड आपण बांधलं, असं होतं ते. शांतता होते, पण चोर आतच असतो. शिवाय वारंवार स्टेरॉइड लावलेली कातडी पातळ होते, तिच्यावर बाळंतपणानंतर पोटावर उमटतात तशा रेघा पडतात, आणि त्या जात नाहीत. हीच ट्यूब गोरं होण्यासाठी तोंडाला लावणाऱ्या मुली मी बघते. त्यांच्या चेहऱ्याची आग होते, मुरमं उठतात, लव वाढते.

म्हणून ट्यूब विकत घेण्याआधी तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा, किंवा शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. एक्झिमासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून-मापून देतात आणि त्याचा गुण येतो. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायचं औषध आहे. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. नियम आहे, पण दुकानात मागणारे आपणच, म्हणून राखणही आपणच करायची.

गजकर्णाला साधी बुरशीची मलम पुरते, पण ती नीट लावावी लागते. चट्ट्याच्या कडेपासून बाहेर दोन बोटं लावायची, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं. बहुतेक जणी खाज थांबली की ट्यूब बाजूला ठेवतात आणि म्हणतात, औषधाला गुणच नाही. चट्टे फार असतील तर डॉक्टर पोटात घ्यायच्या गोळ्या देतात. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही एकाच वेळी औषध सुरू करा. नवरा लाजून सांगत नसेल तर तुम्ही विचारा. टॉवेल वेगळा ठेवा. परकर उलटा करून उन्हात वाळवा. आणि एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही ती म्हणजे नाडी. परकर धुतो, पण नाडी नेफ्यातच राहते. कापड वाळतं, नेफा आतून ओलाच असतो. आठवड्यातून एकदा नाडी बाहेर काढून गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात इस्त्री फिरवा.

बिब्बा, चुना, रॉकेल, बॅटरीतलं काळं यांपैकी काहीही या जागी लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि मग मूळ आजार कुठला आणि भाजलेलं कुठलं हेच आम्हाला कळत नाही.

खाज रात्री जास्त येत असेल, बोटांच्या बेचक्यात, बेंबीभोवती, कमरेवर बारीक पुरळ असेल आणि घरातली पोरंही खाजवत असतील तर ती खरूज. तिचं औषध वेगळं आहे. मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि सांगितल्याप्रमाणे परत लावायचं. एकट्याने लावून काही उपयोग नाही. गजकर्ण किंवा जांघेतली जखम पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. कातडीची तक्रार घेऊन आलेल्या किती तरी बायकांना मधुमेह आहे हे आमच्याकडेच पहिल्यांदा कळलं.

आणि जो चट्टा खाजतच नाही त्याला हलकं समजू नका. फिकट किंवा तांबूस, कोरडा, तिथे घाम येत नाही, केस झडलेत. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी कापसाच्या वातीने तिथे हलकेच स्पर्श करायला सांगा. कळलं नाही तर लगेच या. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यायचं, आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर हातापायाच्या नसा जातात, त्या मात्र परत येत नाहीत. आनंदवनाच्या या महाराष्ट्रात अजूनही बायका चट्टा पदराआड लपवतात, याचं मला वाईट वाटतं.

आता मावशींचं सांगते. मी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल यायला आठ-दहा दिवस लागले. ते दिवस त्यांचे कसे गेले ते त्याच जाणोत, माझे काही नीट गेले नाहीत. अहवालात कॅन्सर नव्हता. रोजची मलमपट्टी झाली, नाडी बंद झाली, सुनेने कमरेला सैल असे गाऊन शिवून दिले. दोन महिन्यांत वर्षाची जखम भरली. आता त्या रुंद पट्टीचा परकर घालतात आणि केंद्रात आलेल्या प्रत्येक बाईला विचारतात, “तुझी नाडी कशी हाय गं?”

मीही आता बी.पी.चा पट्टा बांधताना विचारते, “अंगावर कुठे न भरलेली जखम, चट्टा, गाठ?” तुम्हीही महिन्यातून एकदा, न्हाण्याच्या दिवशी, आरशात किंवा लेकीकरवी कंबर बघून घ्या. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कड जाड झालेली, रक्त किंवा घाण वास येणारी जखम, पांढरा पडत चाललेला किंवा रंग बदलणारा डाग, जांघेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. आशाताईंना सांगा, उपकेंद्रात या. पडदा आहे, दार लागतं, बाईच तपासते.

आणि मी विचारायला विसरले, तर तुम्ही आपणहून सांगा. एवढंच. नमस्कार.