शेवटच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचणारी संगणकसेवा

विद्यापीठाची संगणकसेवा प्रयोगशाळेतील संगणक आणि आवारातील वाय-फाय एवढ्यावर संपत नाही. विद्यार्थ्याची नोंदणी, परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन, निकाल, गुणपत्रिका, पदवी आणि ग्रंथालय हे सारे आज संगणकावर चालते. या सेवेचे दोन भाग पडतात. एक म्हणजे यंत्रणा: सर्व्हर, जोडणी, सॉफ्टवेअर आणि विदा. दुसरा म्हणजे ती अडली की मदतीला येणारी माणसे. पहिल्या भागावर खर्च होतो आणि त्याची उद्‌घाटनेही होतात. विद्यार्थ्याचे काम वेळेत होईल की नाही, हे मात्र बरेचदा दुसऱ्या भागावर ठरते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील सार्वजनिक विद्यापीठे प्रामुख्याने संलग्न महाविद्यालयांची विद्यापीठे आहेत. नागपूर विद्यापीठाची स्थापना 4 ऑगस्ट 1923 रोजी झाली आणि 2005 मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. त्यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे या विद्यापीठाकडे राहिले. त्यांत शेकडो महाविद्यालये विखुरलेली आहेत. कन्हान नदीकाठचा, नागपूर-भंडारा महामार्गावरचा मौदा हा याच जिल्ह्यांतील एक तालुका. मौदा परिसरात शिकणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत क्वचितच जातो. महाविद्यालयाच्या कार्यालयाची खिडकी आणि मोबाइलचा पडदा हेच त्याच्यासाठी विद्यापीठ असते.

जोडणी: मुख्यालयापासून तालुक्यापर्यंत

भारतातील शैक्षणिक संगणकजाळ्याची सुरुवात 1986 मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्पाने झाली. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईसह पाच आयआयटी त्यात सहभागी होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 पासून. पुढे 2010 मध्ये केंद्राने ‘राष्ट्रीय ज्ञान जाळे’ मंजूर केले आणि विद्यापीठे व संशोधन संस्था वेगवान तंतूंनी जोडल्या जाऊ लागल्या. महाविद्यालयांसाठी वेगळी योजना होती. तिच्यात बीएसएनएलमार्फत 512 केबीपीएसच्या ब्रॉडबँड जोडण्या मिळत आणि त्यांच्या खर्चाचा 75 टक्के भार केंद्र उचलत असे.

विद्यापीठाला गिगाबिटचा वेग आणि महाविद्यालयाला त्याचा अगदी लहानसा अंश, ही विषमता सुरुवातीपासूनची आहे. आता खाजगी फायबर आणि मोबाइल डेटा आल्याने वेग वाढला, पण भरवशाचा प्रश्न सुटलेला नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की दुसरी जोडणी नसलेले कार्यालय त्या दिवशी ठप्प होते. विजेचेही तसेच आहे. मौदा तालुक्यात एनटीपीसीचे 2,320 मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, पण तेथील वीज आधी ग्रीडमध्ये जाते. कार्यालयातला दिवा स्थानिक फीडरवर अवलंबून असतो. म्हणून राउटर आणि निदान एक संगणक यूपीएसवर ठेवणे आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेणे ही लहान महाविद्यालयाची किमान तयारी होय.

तक्रार कशी सुटते

मदतयंत्रणेचे काम एका साध्या उदाहरणातून समजते. समजा, मौद्यातील वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीच्या हॉल तिकिटावर एक विषय छापलेलाच नाही आणि परीक्षा चार दिवसांवर आली आहे. पहिली पायरी महाविद्यालयातच असते. लिपिक परीक्षा अर्जाची प्रिंट काढतो, शुल्काची पावती पाहतो आणि महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये अर्ज विद्यापीठाकडे पुढे गेला आहे का, हे तपासतो. विद्यार्थिनीनेच विषय निवडायचा राहिला असेल तर ते इथेच कळते.

अर्ज बरोबर असेल तर प्रश्न दुसऱ्या पायरीवर जातो. विद्यापीठाचा परीक्षा विभाग त्या अभ्यासक्रमाला जोडलेली विषयांची संकेतांक-यादी पाहतो. यादी बरोबर असूनही छपाई चुकत असेल तर तिसरी पायरी येते. तेथे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चमूला विदेच्या तक्त्यात दुरुस्ती करावी लागते.

प्रत्येक पायरीवर वेळ वाचतो तो तक्रार नीट लिहिलेली असेल तर. “हॉल तिकीट चुकले आहे” एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. नोंदणी क्रमांक, सत्र, विषयाचा संकेतांक, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक आणि पडद्याचे छायाचित्र सोबत असेल तर तेच काम काही मिनिटांत होऊ शकते. तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे आणि ती कोणाच्या टेबलावर आहे हे महाविद्यालयाला दिसले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेला निरोप शंभर निरोपांखाली दबतो आणि त्याची नोंदही राहत नाही.

ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागाने 1980 च्या दशकात सेवा व्यवस्थापनाची जी पद्धत मांडायला घेतली, तिच्यातील एक भेद येथे उपयोगी पडतो. एका व्यक्तीची अडचण ही ‘घटना’ आणि अनेक घटनांमागचे समान कारण ही ‘समस्या’. चाळीस विद्यार्थ्यांचा एकच विषय गायब असेल तर चाळीस दुरुस्त्या करत बसणे व्यर्थ आहे, यादीतील एक चूक सुधारली की काम भागते. मात्र तक्रारींची नोंद एका जागी असेल तरच हे लक्षात येते.

गर्दीचे दिवस

परीक्षा अर्जाची शेवटची तारीख आणि निकालाची संध्याकाळ या दोन वेळी “सर्व्हर डाऊन” हे शब्द हमखास ऐकू येतात. वर्षभर मोजक्या लोकांसाठी पुरेसा असलेला सर्व्हर त्या तासाला हजारो मागण्यांखाली वाकतो. शाखावार वेगवेगळ्या मुदती ठेवल्या, गर्दीच्या काळापुरती क्लाउडवर क्षमता वाढवली आणि निकालाचे पान हलके ठेवले तर ताण बराच कमी होतो.

घाईने केलेल्या बदलाची किंमत मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये मोजली. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षेच्या 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. प्राध्यापकांचे प्रशिक्षण, स्कॅनिंगची गती आणि लॉगिनची व्यवस्था या साऱ्यांची घडी बसण्याआधीच काम सुरू झाले. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावरील तपासणी ही पद्धत मुळात वाईट नाही. तिच्यात बेरजेच्या चुका टळतात आणि गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. पण आधी एका लहान परीक्षेवर चाचणी घेऊन मग विस्तार करणे हा तिचा पाया आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार निकाल 30 दिवसांत, उशिरात उशिरा 45 दिवसांत लागला पाहिजे. त्यामुळे चाचणीसाठीचा वेळ परीक्षेच्या आधीच काढावा लागतो.

नाव, ओळख आणि सुरक्षितता

2021 मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मुळे विद्यार्थ्याचे श्रेयांक एका 12 अंकी ओळख क्रमांकाखाली साठवले जातात. ही ओळख आधारशी जुळावी लागते आणि नेमकी तिथेच गाडी अडते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. रोमन लिपीत तर एकाच मराठी नावाची दोन-तीन रूपे होतात. संगणकाला ही वेगवेगळी माणसे वाटतात. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव तपासणे हा पदवीच्या वेळची धावपळ टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

याच नोंदींची राखण हेही संगणकसेवेचे काम. सायबर कॅफेत किंवा ऑनलाइन सेंटरवर अर्ज भरताना पासवर्ड तिथल्या ब्राउझरमध्ये राहतो, ओटीपी दुसऱ्याला सांगितला जातो, आधारची प्रत डाउनलोडमध्ये पडून राहते. महाविद्यालयात एकच लॉगिन पाच जण वापरतात, तेव्हा गुणांत बदल कोणी केला हे शोधता येत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, बदली झाली की ते लगेच बंद करणे आणि विदेची रोजची प्रत दुसऱ्या जागी ठेवणे हे अत्यावश्यक आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात. त्यासाठी कोणाला फोन करायचा हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

ग्रंथालय घरापर्यंत

गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून सदस्य महाविद्यालयांना हजारो संशोधनपत्रिका आणि ई-पुस्तके मिळतात. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे खाते मिळू शकते आणि ते घरूनही चालते. नागपूरच्या मोठ्या ग्रंथालयात न जाता मौद्याच्या विद्यार्थ्याला संदर्भ मिळवून देणारी ही सोय आहे. ग्रंथपालाने खाती उघडून दिली नाहीत आणि एकदा वापरून दाखवले नाही, तर मात्र सदस्यत्व कागदावरच राहते.

जबाबदारी कोणाची

2016 च्या अधिनियमाने विद्यापीठाच्या प्राधिकरणांमध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळाला स्थान दिले आहे. म्हणजे ही सेवा आता कोणा उत्साही प्राध्यापकाच्या हौसेवर सोडलेली नाही, ती कायद्याने सोपवलेली जबाबदारी आहे. तिचे मूल्यमापन सर्व्हर किती मोठा यावरून होऊ नये. मुख्यालयापासून दूरच्या महाविद्यालयात तक्रार किती वेळात सुटली, यावरून व्हावे. त्यासाठी प्रत्येक महाविद्यालयात प्रशिक्षण घेतलेला आणि त्याच कामासाठी नेमलेला एक कर्मचारी, परीक्षेच्या काळात रात्रीपर्यंत चालणारी मराठी मदतवाहिनी, नव्या सॉफ्टवेअरची तालुक्याच्या महाविद्यालयात आधी चाचणी आणि सुटलेल्या व न सुटलेल्या तक्रारींचा दर सत्राचा जाहीर हिशेब एवढ्या गोष्टी हव्यात. यांपैकी एकीलाही फार मोठी गुंतवणूक लागत नाही, मात्र प्रत्येकीसाठी नेमून दिलेला माणूस लागतो.