बोडी : सोन्याच्या शिरेवर वसलेले गाव

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पूर्वेकडील वृक्षहीन टेकड्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,५५० मीटर उंचीवर बोडी हे गाव आहे. तेथील लाकडी घरे, शाळा व प्रार्थनामंदिर अद्याप उभी आहेत. वस्ती मात्र उरलेली नाही. एके काळी येथे हजारो माणसे राहत होती, हे पाहणाऱ्यास सहसा खरे वाटत नाही.

१८५९ मध्ये डब्ल्यू. एस. बोडी या शोधकास येथे सोने आढळले. त्याच हिवाळ्यात हिमवादळात सापडून तो मरण पावला; त्याच्या नावाने वसलेले गाव पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. खरी भरभराट १८७६ नंतर, स्टँडर्ड कंपनीच्या खाणीत समृद्ध शीर लागल्यावर झाली. १८८० च्या सुमारास लोकवस्ती पाच ते दहा हजारांपर्यंत होती, असे निरनिराळे अंदाज आहेत.

येथील सोने नदीच्या वाळूत नव्हे, तर गारेच्या कठीण खडकात सूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरलेले होते. म्हणून गिरणीत लोखंडाची जड मुसळे यंत्राने वरखाली करून खडकाचा चुरा करीत. तो पाण्याबरोबर पाऱ्यावरून वाहू दिला म्हणजे सोने पाऱ्यात मिसळे; पुढे उष्णतेने पारा उडवून सोने वेगळे काढीत. मुसळे चालवावयास वाफ हवी, वाफेस सरपण हवे, आणि आसपास तर झाडे नाहीत! १८८१ मध्ये मोनो सरोवराच्या दक्षिणेकडील अरण्यातून लाकूड आणण्यासाठी स्वतंत्र लोहमार्ग बांधावा लागला. निकृष्ट दगड दळण्याचा खर्च त्यातील सोन्यातून भरून निघेना. १८८० नंतरच्या काही वर्षांतच बहुतेक कंपन्या बुडाल्या व माणसे अन्यत्र गेली.

सुमारे २१ किलोमीटरवरील ग्रीन क्रीक ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून ती तारेने गिरणीपर्यंत नेण्याचा उपाय १८९३ मध्ये सिद्धीस गेला. त्या काळी हे मोठे धाडस होते. तारेतून वाहणारा प्रवाह जितका मोठा, तितकी अधिक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला तर नुकसान चौपट होते. दाब वाढविला, तर तीच शक्ती अल्प प्रवाहाने नेता येते. म्हणून तीन हजारांहून अधिक व्होल्टचा दाब योजिला होता. वळणावर वीज तारेबाहेर उडेल या भीतीने खांब अगदी सरळ रेषेत रोवले, अशी आख्यायिका आहे. विजेच्या अंगी असा गुण नाही, हे सांगावयास नकोच.

या विजेने व गाळातील उरलेले सोने काढणाऱ्या सायनाइडच्या रीतीने गावाचे आयुष्य वाढले, पण शिरेतील सोने काही वाढले नाही. १९१० मध्ये ६९८ रहिवासी होते, १९२० मध्ये १२०. लोहमार्ग १९१७ मध्ये बंद पडला. १९३२ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, आणि १९४२ मध्ये युद्धकालीन आदेशाने अमेरिकेतील सोन्याच्या खाणी थांबविण्यात आल्या, तेव्हा टपालकचेरीही बंद झाली.

१९६२ मध्ये बोडी राज्याचे ऐतिहासिक उद्यान झाले. तेथील हवा कोरडी असल्याने लाकूड कुजण्याचा वेग मंद आहे. तथापि हिमाचा भार व वारा यांचा मारा चालूच असतो. छप्पर गळू लागले तर ते दुरुस्त करतात आणि कलती भिंत टेकू देऊन सावरतात. परंतु घरांना नवा रंग देत नाहीत, आणि आतील भांडी व खुर्च्या धुळीसह जेथल्या तेथे राहू देतात.