स्वस्त विमानातली रुंद सीट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेब चेक-इन करताना फोनच्या पडद्यावर एक चौकट उघडते : आणखी इतके रुपये भरा आणि पुढच्या रुंद सीटवर बसा. बिझनेस क्लासच्या पूर्ण तिकिटापुढे ही रक्कम किरकोळ वाटते. स्वस्त विमान कंपन्यांमधले असे अपग्रेड खरोखरच फायद्याचे ठरू शकते. पण त्याबद्दल इतके चुकीचे समज आहेत की अनेकांचे पैसे भलत्याच ठिकाणी जातात, आणि ज्यांना त्या सीटची खरी गरज असते ते मात्र तिची चौकशीही करत नाहीत.

गैरसमज : बिझनेस क्लास घेतला की आडवे होऊन झोपता येणारच.

सर्वांत जास्त निराशा यातूनच होते. इंडिगोने १४ नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाचा आपला बिझनेस वर्ग सुरू केला. तीन रांगा, प्रत्येक रांगेत दोन-दोन मिळून चार सीट, म्हणजे एकूण बारा. दोन रांगांमधले अंतर ३८ इंच, पाठ मागे झुकते ती पाच इंच. साध्या सीटला हे अंतर जेमतेम तीस इंच मिळते, त्यामुळे फरक गुडघ्यांना लगेच जाणवतो. तरीही ही बसायची सीट आहे, झोपायची नव्हे. दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासाला तेवढे पुरते. पण जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला उड्डाणे सुरू केली, ती नॉर्स या विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७ विमानांनी. त्यातल्या ‘स्ट्रेच’ सीट आणखी ऐसपैस असल्या तरी त्यांचा पलंग होत नाही, आणि तो प्रवास रात्रभराचा असू शकतो.

सिंगापूरच्या स्कूटची ‘स्कूटप्लस’ आणि ऑस्ट्रेलियाच्या जेटस्टारची ७८७ मधली बिझनेस सीट याच जातीची : रुंद आणि मागे झुकणारी, पण आडवी न होणारी. मुलांकडे मेलबर्नला निघालेल्या आई-वडिलांसाठी सिंगापूरहून पुढचे तिकीट काढणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे. उलट फ्लायदुबईच्या ७३७ मॅक्स विमानांत चक्क सपाट पलंग होणाऱ्या सीट आहेत. एअरएशिया एक्सच्या ए३३० मध्येही ‘फ्लॅटबेड’ आहे, मात्र तो किंचित उतरता असतो. एकाच कंपनीच्या दोन विमानांत वेगवेगळ्या सीट असू शकतात. म्हणून कंपनीचे नाव पाहून थांबू नका, आपल्या उड्डाणाला कोणते विमान आहे ते पाहा.

गैरसमज : स्वस्त कंपनीत बिझनेस क्लास म्हणजे नुसती धूळफेक.

असे म्हणणेही अन्यायाचे आहे. कित्येकदा या सीट विमानासोबतच आलेल्या असतात. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. तिची काही भाड्याची बोइंग ७३७ विमाने स्पाइसजेटने घेतली, त्यांत पुढच्या भागात बिझनेसच्या सीट बसवलेल्याच होत्या. त्या काढून टाकण्याऐवजी स्पाइसजेटने मे २०१९ मध्ये ‘स्पाइसबिझ’ नावाने त्या विकायला काढल्या. एअर इंडिया एक्सप्रेसचेही तसेच. तिच्याकडे आलेली बरीच नवी ७३७ विमाने मुळात दुसऱ्या कंपन्यांसाठी बांधलेली होती, आणि त्यांच्यातल्या पुढच्या सीट ‘एक्सप्रेस बिझ’ म्हणून विकल्या गेल्या. सीट अस्सलच असते. कमी असतो तो तिच्याभोवतीचा सरंजाम : लाउंज, मोठी मेनू-यादी, भरघोस माइल्स. अनेकांकडे लाउंज क्रेडिट कार्डावर आधीच असते, त्यांनी त्यासाठी पुन्हा पैसे का मोजावेत?

गैरसमज : शेवटच्या घटकेला अपग्रेड कवडीमोलाने मिळतेच.

यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. इंडिगोच्या ए३२१ विमानात सगळ्या साध्या सीट असतील तर २३२ बसतात. ‘स्ट्रेच’ असलेल्या विमानात १२ रुंद आणि २०८ साध्या, मिळून २२०. म्हणजे बारा रुंद सीटनी चोवीस साध्या सीटची जागा खाल्ली. कंपनीला एका रुंद सीटमागे निदान दुप्पट भाडे सुटले तरच मेळ बसतो. सुरुवातीला दिल्ली–मुंबईचे ‘स्ट्रेच’चे भाडे १८,०१८ रुपयांपासून होते. अशी सीट शेवटी रिकामी राहिली तर कंपनी ती कमी दरात देईलही, पण सुट्टीच्या दिवसांत किंवा सोमवारी सकाळच्या मुंबई–दिल्ली विमानात ती रिकामी राहण्याची शक्यता कमीच. ज्यांना सीट हवीच आहे त्यांनी वाट पाहू नये. ज्यांना ‘मिळाली तर बरी’ इतकेच वाटते त्यांनीच थांबावे.

काही कंपन्या बोली मागवतात. पडद्यावर एक काटा असतो. रक्कम वाढवली की तो लाल रंगाकडून हिरव्याकडे सरकतो. हिरवा म्हणजे शक्यता चांगली, हमी नव्हे. बोली साधारणपणे प्रत्येक प्रवाशासाठी आणि प्रत्येक टप्प्यासाठी धरली जाते, म्हणजे चार जणांच्या कुटुंबाला पडद्यावरचा आकडा चारने गुणावा लागतो. बोली स्वीकारली गेली तरच पैसे कापले जातात. आणि तिकीट रद्द करण्याचे नियम बहुधा मूळ स्वस्त तिकिटाचेच राहतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

गैरसमज : नीटनेटका पोशाख केला, काउंटरवर गोड बोलले की फुकट मिळते.

स्वस्त कंपनीत यावर विसंबू नका. तिथे पाण्याची बाटलीही विकत असते, सीट तर विकत असतेच.

गैरसमज : पडद्यावरची रक्कम हाच खर्च.

आधी बेरीज करा. जादा बॅग, जेवण आणि आवडीची सीट या तिन्हींचे वेगळे पैसे धरले तर कधीकधी पुढच्या सीटचा फरक थोडाच उरतो, कारण तिच्यात या गोष्टी बहुधा येतात. मात्र हे सगळे आधी विकत घेऊन नंतर अपग्रेड केले तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जाऊ शकतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीखेरीज बाकी वर्गांवर जीएसटी १२ ऐवजी १८ टक्के झाला आहे. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. दाखवलेली रक्कम करासह आहे की कराविना, ते पाहूनच बटण दाबा.

माझ्या मते दिवसाच्या दोन तासांच्या उड्डाणात धडधाकट माणसाने या भानगडीत पडू नये. पाय लांब करायचे असतील तर जादा जागेची साधी सीट कमी पैशांत मिळते. पण गुडघे दुखणारे, उंच प्रवासी आणि लांबच्या प्रवासाला निघालेली वयस्कर मंडळी यांची गोष्ट वेगळी. आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस रांग वयस्करांना दिली जात नाही, त्यामुळे त्यांना पुढची रुंद सीट हाच खरा पर्याय उरतो. आई-वडिलांचे तिकीट काढताना निदान त्या सीटचा दर विचारा.